वीस युनिट म्हणजे नेमकं किती? इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणि देणाऱ्यांसाठी

रात्रीचे तीन वाजले होते, मी वॉर्डात राउंडला निघाले होते आणि खिडकीजवळच्या कॉटवरच्या आजी घामाने निथळत होत्या. बाहेर पाऊस, डोक्यावर पंखा चालू, आणि यांचं लुगडं पाठीला चिकटलेलं. हाक मारली तर डोळे उघडले पण बोलणं काहीतरी भलतंच, बैल सुटलेत, बांधा म्हणे. बोटाला टोचून शुगर बघितली, ४४. डॉक्टरांना उठवलं, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणीच, शिरेतून दिलं आणि थोड्या वेळात आजी उठून बसल्या, मलाच विचारतायत, "काय झालं गं बाई, समद्या अशा का हुब्या?"

मी स्टाफ नर्स आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी काम करते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही वॉर्डात होऊ शकतं. या आजी दुपारी पायाच्या जखमेसाठी ॲडमिट झाल्या तेव्हा त्यांची शुगर ३८० च्या वर होती. घरी इन्सुलिन किती घेता विचारलं तर आजी म्हणाल्या वीस, सोबत आलेली आठवीतली नात म्हणाली वीस, जुन्या चिठ्ठीवरही रात्री २० युनिट. आम्ही रात्री २० युनिट दिलं. मोजून, दुसऱ्या सिस्टरला दाखवून दिलं. म्हणजे बघा, पेशंट खरं बोलली, नात खरं बोलली, चिठ्ठी बरोबर, आम्ही दिलेलं बरोबर, आणि तरी माणूस मरता मरता वाचलं. हे कसं झालं ते मी इथे नीट सांगणारे, कारण इन्सुलिन घेणाऱ्या घराघरात आणि देणाऱ्या वॉर्डावॉर्डात हीच चूक दबा धरून बसलेली असते.

सकाळी ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती, देऊन झाल्यावर मी घरी गेले नाही, नातीला म्हटलं, बाळा घरी कसं भरतेस ते मला करून दाखव. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यातून बाटली काढली, सिरींज काढली, बाटलीचं रबर पुसलं, आधी हवा सोडली, मग इन्सुलिन ओढलं, बुडबुडा टिचकी मारून घालवला आणि बरोब्बर २० च्या रेघेवर आणून थांबली. इतकं नीट तर आमच्याकडची शिकाऊ पोरं पण करत नाहीत. फक्त एकच गोष्ट होती, बाटलीवर ४० लिहिलेलं होतं आणि सिरींजची टोपी नारिंगी होती.

आता हे जरा सावकाश वाचा. आपल्याकडे इन्सुलिन दोन वेगवेगळ्या घट्टपणाचं मिळतं. एकात एका एमएलमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात एका एमएलमध्ये १०० युनिट. सरबताचं उदाहरण घ्या ना, ग्लास तेवढाच, पाणी तेवढंच, पण एकात चार चमचे साखर घातली आणि दुसऱ्यात दहा चमचे, तर घोट तेवढाच घेतला तरी पोटात जाणारी साखर वेगळी. तसंच हे. स्वस्तातली जी बाटली बहुतेक लोक घेतात, सरकारी दवाखान्यातही बहुतेक तीच दिसते, ती ४० वाली. इन्सुलिन टोचायचं जे पेन असतं त्यात जी कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची छोटी नळी, बसते ती १०० वाली, आणि काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्या पण १०० वाल्या येतात. बाटलीवर हे छापलेलं असतं, बारीक असतं पण असतं.

आणि सिरींजही दोन प्रकारच्या. ४० वाल्या इन्सुलिनची सिरींज लाल टोपीची, १०० वाल्याची नारिंगी टोपीची. सिरींजवरच्या रेघा तिच्या तिच्या इन्सुलिनचा हिशोब धरून मारलेल्या असतात. लाल टोपीवाल्या सिरींजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल. नारिंगी टोपीवालीत २० ची रेघ म्हणजे एमएलचा फक्त पाचवा भाग, ०.२ एमएल. मी नातीला कागदावर हे लिहून दिलं आणि म्हटलं आता तूच सांग, एका एमएलमध्ये ४० तर ०.२ एमएलमध्ये किती. तिने बोटं मोजली आणि तिचा चेहरा उतरला. "आठ." म्हणजे आजीला वीस वीस म्हणून रोज आठ युनिटच जात होते. शुगर उतरेना म्हणून डोस वाढवत वाढवत वीसपर्यंत आणला होता, आणि आम्ही लाल टोपीवाल्या सिरींजने खरे वीस दिले, म्हणजे आजीच्या रोजच्या अडीच पट.

पोरीची काही चूक नव्हती. मेडिकलवर लाल टोपीवाली संपली होती, दुकानदाराने "इन्सुलिनचीच आहे" म्हणून ही दिली, आणि ते खोटंही नाही, इन्सुलिनचीच आहे. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं की टोपीच्या रंगाला काही अर्थ असतो. आजीला पाच वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं तेव्हा एका सिस्टरने एकदा भरून दाखवलं होतं, बस्स, त्यानंतर कुणी विचारलं नाही. आणि आम्ही पण ॲडमिशनला "किती घेता" एवढंच विचारलं, "कशाने घेता" हे नाही.

याच्या उलट झालं तर काय होतं ते तर भयंकर आहे. पेनची कार्ट्रिज, म्हणजे १०० वालं इन्सुलिन, पेन बिघडलं म्हणून लाल टोपीवाल्या सिरींजने ओढलं आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अर्धा एमएल गेलं, म्हणजे ५० युनिट. विसाच्या जागी पन्नास. असं इन्सुलिन घेऊन रात्री झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही. म्हणून कार्ट्रिजमधून सिरींजने इन्सुलिन काढायचंच नाही, पेन बंद पडलं तर दुसरं पेन आणा नाहीतर दवाखाना गाठा. आणि साध्या दोन एमएलच्या सिरींजने इन्सुलिन भरायचा विचार पण करू नका, तिच्यावर युनिटच्या रेघाच नसतात. घरी करायचं एवढंच, मेडिकलवरून बाटली किंवा सिरींज आणली की दारातच दोन्ही शेजारी धरून बघायचं, बाटलीवर ४० तर सिरींजवरही ४० आणि टोपी लाल, बाटलीवर १०० तर सिरींजवर १०० आणि टोपी नारिंगी. जुळलं नाही तर तसंच परत द्यायचं.

एवढ्यावर मी समाधान मानलं असतं, पण आजीचं पोट बघितलं. खरंतर इंजेक्शनची जागा बघायला म्हणून पदर बाजूला केला तर बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. दाबली तर भाकरीच्या पिठाचा घट्ट गोळा दाबावा तशी लागत होती. "हितंच टोचते म्या, हितं दुखत न्हाई," आजी म्हणाल्या. नात भरून द्यायची, टोचायच्या त्या स्वतः, पाच वर्षं त्याच जागी.

ही गाठ म्हणजे कॅन्सर वगैरे काही नाही, घाबरू नका. एकाच जागी सारखं इन्सुलिन गेलं की तिथली चरबी फुगते आणि कडक होते, डॉक्टरी भाषेत लायपोहायपरट्रॉफी म्हणतात, आपण सरळ गाठच म्हणू. तिथे दुखत कमी आणि म्हणूनच माणूस परत परत तिथेच टोचतो, आणि गाठ वाढत जाते. पण त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही, एखाद्या दिवशी थोडंसं उतरेल, एखाद्या दिवशी एकदम उतरेल, भरवसाच नाही. मग शुगर आज ३०० उद्या ९०, आणि सगळे पेशंटवर ओरडतात की तू गोड खाल्लं असशील. मी पण ओरडलेय पूर्वी, खोटं कशाला बोलू. गाठ डोळ्याला दिसतेच असं नाही, हाताने चाचपून बघावी लागते, आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवला की लवकर कळते.

म्हणजे आजीला घरी नावाला वीस, खरे आठ, आणि ते आठही गाठीत. आणि मी काय केलं, तर पदर काढायला लावायला नको म्हणून दंडाला दिलं, चांगल्या मऊ कातडीत, पूर्ण वीस. अर्थात शुगर कोसळणारच. म्हणून ज्यांना गाठ आहे त्यांनी हे वाचून आजच जागा बदलून तोच डोस घेऊ नका हं, प्लीज. जागा बदलायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून, कारण चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि बऱ्याचदा डोस कमी करावा लागतो, आणि पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी लागते.

जागा चार आहेत. पोट, बेंबीपासून दोनेक बोटं सोडून, मांडीचा पुढचा आणि बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू, आणि कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. पोटातून इन्सुलिन सगळ्यात लवकर उतरतं, मांडी आणि कुल्ल्यातून सावकाश, म्हणून सकाळी पोट संध्याकाळी मांडी असं काहीतरी एक ठरवून घ्यायचं आणि ते मोडायचं नाही, आणि त्या भागाच्या आत रोज एक बोट सरकत जायचं. मी पेशंटला पोटाचे चार भाग करून देते, बेंबीवर मधोमध फुली मारली की चार घरं होतात, एका आठवड्याला एक घर. आजीच्या नातीने कॅलेंडरवर आठवड्यांना १, २, ३, ४ घातलेत, एकादशी चतुर्थीच्या शेजारीच.

टोचायचं कसं ते पटकन सांगते. हात साबणाने धुवायचे, कातडी स्वच्छ असली की झालं, स्पिरिट लावलंच तर वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं की झोंबतं. पेनची सुई चार मिलीमीटरची असेल तर ती जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना पुरते, जाड असो की बारीक, सरळ नव्वद अंशात टोचायची. सिरींजची सुई लांब असते म्हणून कातडी चिमटीत धरून टोचायचं, नाहीतर इन्सुलिन स्नायूत जातं आणि पटकन उतरतं. पेनाला दर वेळी आधी दोन युनिट हवेत मारून बघायचे, टोकाला थेंब आला की मग आपला डोस लावायचा. बटण पूर्ण दाबलं की लगेच सुई ओढायची नाही, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, नाहीतर शेवटचे थेंब कातडीवर येतात आणि तेवढा डोस वाया जातो. नंतर चोळायचं नाही. साडीवरून, पँटवरून टोचायचं नाही. आणि दुधासारखं दिसणारं गढूळ इन्सुलिन असेल, ३०/७० वालं वगैरे, म्हणजे पटकन आणि सावकाश काम करणारं एकत्र केलेलं, तर ते खाली बसलेलं असतं, दोन्ही तळहातांत धरून दहा वेळा हळू फिरवायचं आणि दहा वेळा उलटसुलट करायचं, मग सगळं एकसारखं पांढरं दिसतं. जोरजोरात हलवायचं नाही, फेस येतो. न फिरवता घेतलं तर एक दिवस नुसतं पाणी जाईल आणि एक दिवस नुसता गाळ.

सुई किती वेळा वापरायची हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. नियम एकदाच आहे, आणि तो बरोबर आहे, कारण पुन्हा पुन्हा वापरून टोक बोथट होतं, वाकतं, कातडी फाडतं, गाठी त्याने पण वाढतात. पण मला हेही माहितीये की मजुरीवर जगणाऱ्या घराला रोज दोन नव्या सुया परवडत नाहीत, आणि त्यांना नियम सांगून घरी पाठवलं की ते पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत. म्हणून मी म्हणते, जमेल तितक्या लवकर बदला, दुखायला लागली म्हणजे बदलायची वेळ केव्हाच होऊन गेलीये, पेनवर सुई लावून ठेवू नका कारण त्यातून हवा आत जाते आणि इन्सुलिन गळतं, आणि दुसऱ्याची सुई, दुसऱ्याचं पेन कधी म्हणजे कधी नाही, नवरा बायको असले तरी नाही. सुई बदलली तरी पेन एकमेकांचं वापरता येत नाही, टोचताना रक्ताचा अंश उलटा कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो आणि डोळ्याला तो दिसतही नाही. वॉर्डात पण हे लक्षात ठेवा सिस्टर लोकांनो, पेन एका पेशंटचं एकच, त्यावर नाव लिहून, स्टॉकचं पेन चार जणांना फिरवायचं नाही.

ठेवायचं कुठे हा पण मोठा विषय आहे. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ डिग्रीत. फ्रीजरमध्ये नाही, फ्रीजरला किंवा मागच्या भिंतीला चिकटूनही नाही. इन्सुलिन हे प्रोटीन आहे, एकदा गोठलं की त्याची घडी मोडते, नंतर वितळून कितीही स्वच्छ दिसलं तरी ते कामाचं राहत नाही, टाकूनच द्यायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. १० एमएलच्या ४० वाल्या बाटलीत ४०० युनिट, दिवसाला १० लागत असतील तर ती चाळीस दिवस पुरेल, पण म्हणून चाळीस दिवस वापरायची नाही, त्यासाठी उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहायची. आणि फ्रीज नसेल तर? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो आणि लाईट दुपारी जाते. तेव्हा माठ कामाला येतो. एक मोठं मडकं, त्यात छोटं मडकं, दोघांच्या मध्ये वाळू भरून ती ओली ठेवायची, आतल्या मडक्यात कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, घरातल्या सावलीच्या पण हवेशीर कोपऱ्यात. पाणी बाष्प होताना उष्णता ओढून घेतं म्हणून आत बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. बाटली थेट माठाच्या पाण्यात सोडू नका, आणि प्रवासात बर्फाला चिकटवून ठेवू नका, रुमालात गुंडाळा. विमानाने जाताना हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात नाही, तिथे गोठू शकतं. एसटीच्या खिडकीत उन्हात नाही. बाटलीला आतून पांढरे कण चिकटलेले दिसले, किंवा पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं, की बाद.

आता तिसरं कारण, ज्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो कारण ते आमच्या हातात होतं. आजीला साडेसातला इंजेक्शन दिलं आणि त्यांनी जेवण जवळजवळ तसंच ठेवलं होतं. खिचडी आवडली नाही. रिकामं ताट मावशींनी उचललं असं कागदावर झालं, पण ते रिकामं नव्हतं. जुन्या प्रकारचं ह्यूमन इन्सुलिन, साधं असो वा ३०/७० वालं, जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, नवीन काही प्रकार ताटावर बसताना घ्यायचे असतात, आणि दिवसातून एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा जेवणाशी तसा संबंध नसतो, आपलं कुठलं ते डॉक्टरांना विचारून घ्या. पण जेवणाबरोबरचं इन्सुलिन घेतलं आणि जेवण पोटात गेलं नाही तर शुगर खाली येणार म्हणजे येणारच. ३०/७० मधला सत्तर टक्के भाग सावकाश काम करतो आणि संध्याकाळी घेतलं की मध्यरात्रीनंतर जोरात असतो. रात्री तीनचा घाम त्यातूनच आला होता. वॉर्डात औषधाची ट्रॉली आणि जेवणाची गाडी यांच्या वेळा जुळत नाहीत, इंजेक्शन सहाला आणि जेवण आठला, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. जेवणाची गाडी दारात आल्याशिवाय आम्ही आता जेवणाचं इन्सुलिन देत नाही आणि ताट किती खाल्लं हे आम्ही स्वतः बघतो. उपवासाचंही तेच, संकष्टी असो, नवरात्र असो, आधी डॉक्टरांशी बोला, डोस कमी करायचा का बदलायचा ते ते सांगतील. फक्त लहानपणापासूनच्या टाईप वन शुगरवाल्यांनी इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही, उलट्या होत असल्या तरी नाही, त्यांच्या शरीरात स्वतःचं बनतच नाही.

शुगर उतरल्याचं ओळखायचं कसं? ७० च्या खाली गेली की उतरली. थरथर, घाम, छातीत धडधड, अचानक जोराची भूक, डोळ्यांपुढे अंधारी, आणि चिडचिड, विनाकारण भांडण. म्हातारी माणसं नुसतीच बरळतात किंवा गप्प होतात आणि घरचे म्हणतात झोप लागली असेल. बीपीच्या काही गोळ्यांमुळे थरथर धडधड कळतच नाही, घाम मात्र येतो. माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यायची, साधारण १५ ग्रॅम. पेढा नको, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की भाकरी, पोळी, काहीतरी पोटभरीचं, कारण इन्सुलिन अजून आत काम करतंय. ग्लुकोमीटर नसेल आणि शंका असेल तरी साखर द्या, थोडी वाढली तर काही बिघडत नाही. पण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, ती श्वासनळीत जाते. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. आणि शुगर वर आली म्हणजे संपलं असंही नाही, किडनीच्या पेशंटमध्ये इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यांची शुगर परत परत पडते, त्यांचा डोस बघायलाच लागतो. मोजण्याआधी हात धुवा एवढं मात्र लक्षात ठेवा, आंबा चिरलेल्या हाताने टेस्ट केली आणि ३१० आली म्हणून घाबरून आलेली बाई मी बघितलीये, हात धुवून परत केली तर १४०.

सिस्टर लोकांसाठी दोन शब्द, आपल्यातलंच म्हणून. ऑर्डरमध्ये युनिटच्या जागी इंग्रजी यू लिहू नका आणि लिहिलेला चालवून घेऊ नका, घाईच्या अक्षरात तो शून्य दिसतो आणि १० चे १०० होतात, पूर्ण शब्द लिहा. सलाईनमधून फक्त पाण्यासारखं साधं इन्सुलिन जातं, गढूळ कधीच नाही. टोचून झालेल्या सुईला परत टोपण घालायला जाऊ नका, आपल्याला सुया बहुतेक तेव्हाच टोचतात, ती सरळ पांढऱ्या, टोचून आरपार न होणाऱ्या डब्यात, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत सुयांना तोच डबा सांगितलाय. टोचलीच तर बोट पिळत बसू नका, तोंडात तर घालूच नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी लागणार असेल तर ती जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहतो, लसीचे तिन्ही डोस झालेत का ते आजच आपापल्या कार्डावर बघा. आणि घरच्यांनो, तुमच्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नका, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या तळव्यात त्या जातात. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली करा, भरत आली की झाकण चिकटपट्टीने बंद करून जवळच्या दवाखान्यात विचारा.

मला माहितीये वाचताना काही जण म्हणतील, यापेक्षा इन्सुलिन नकोच, एकदा सुरू झालं की सवय लागते, इन्सुलिन म्हणजे शेवट. आजीच्या मुलाचंही हेच म्हणणं होतं. त्याला मी टोरांटोच्या लिओनार्ड थॉम्पसनचं सांगितलं. १४ वर्षांचा पोरगा, हाडाचा सापळा झालेला, तेव्हा या आजारावर उपासमारीशिवाय उपाय नव्हता. बँटिंग आणि बेस्ट या तिथल्या संशोधकांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं आणि ११ जानेवारी १९२२ ला याला पहिलं इंजेक्शन मिळालं, ते पुरेसं शुद्ध नव्हतं म्हणून थांबवावं लागलं, मग सुधारून २३ जानेवारीपासून परत, आणि पोरगं उठून बसलं, पुढे तेरा वर्षं जगलं. सवय लागत नाही, शरीराला जे कमी पडतंय ते आपण बाहेरून भरतो.

मला एवढी वर्षं नोकरी करून हे कळलंय की पेशंटला "समजलं का" विचारलं की तो "हो" म्हणतोच. आजीही पाच वर्षं हो म्हणाल्या असतील. आता मी समजलं का विचारत नाही, करून दाखवा म्हणते. नाईटला एक सिस्टर आणि तीस पेशंट असतात, वेळ नसतो, मला माहितीये, पण दाखवायला लावलं तर चार मिनिटं लागतात, आणि आजीच्या त्या रात्री आम्ही तिघं दोन तास पळत होतो. पेशंटकडून पण एक हवंय, दवाखान्यात येताना नुसती फाईल आणू नका, बाटली, सिरींज, पेन, सुया, ग्लुकोमीटर सगळं पिशवीत घालून आणा आणि पोट दाखवायला लाजू नका.

आजीचा डोस डॉक्टरांनी नव्याने बसवला, वीसपेक्षा बराच कमी, लाल टोपीच्या सिरींजने आणि पोटाच्या डाव्या बाजूला. जखम भरायला दीड महिना गेला. मागच्या आठवड्यात ओपीडीच्या रांगेत दिसल्या, सोबत गावातली दुसरी एक म्हातारी आणि तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी. आजींनी पिशवी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "सिस्टर, हिची बी टोपी नारिंगी हाय. बघ बरं."